पारूबाईची येडी बाभळ

पारूबाईनं येडी बाभळ आपल्या हातानं आपल्या रानात आणली, आणि वर तिच्यासाठी टोपलंभर ज्वारीही दिली. बाई काही साधीसुधी नव्हती. तिच्या तोंडाला लागायला तलाठीसुद्धा कचरायचा. पण या एका बाबतीत ती सपशेल फसली, आणि खरं सांगायचं तर तिच्या जागी गावातला कुणीही तसाच फसला असता.

तिचं गाव चिंचवाडी, मुरुडच्या अलीकडं. गावाच्या वरच्या अंगाला गायरान आणि गायरानाच्या कडेला पारूबाईचं तीन एकर रान. तिचं म्हणायचं ते आपलं बोलण्यापुरतं; कागदावर जमीन सरकारची. बाहत्तरच्या दुष्काळात पारूबाई आणि तिचा नवरा ग्यानोबा, दोघंही सडकेवर खडी फोडायला होते. दुष्काळ सरला, सडक झाली, काम बंद पडलं. हाताला घट्टे तेवढे उरले. तेव्हा ग्यानोबा म्हणाला, "सरकारचे एवढे दगड फोडले, आता जरा आपले फोडू." बौद्धवाड्यातल्या आणखी दोघा-तिघांसारखा त्यानंही गायरानाचा तुकडा धरला. दगड वेचून बांध घातला आणि त्या दगडाळ भुईतून ज्वारी काढून दाखवली. पुढं ग्यानोबा गेला. पोरगा रामकिशन एसटीत कंडक्टर लागला आणि मुखेड डेपोला जाऊन राहिला. घरी पारूबाई आणि सून पंचशीला. आये, आता कशाला त्या दगडात मरतीस, असं रामकिशन दर सुट्टीला म्हणायचा, आणि दर सुट्टीला शिव्या खाऊन परत जायचा.

रानाचा कस मात्र गेला होता. दोन वर्षं पाऊस धड नव्हता. शेण सगळं चुलीत जायचं आणि खताचं पोतं आणायची ऐपत नव्हती. मग उरतो एकच उपाय, मेंढरं बसवायची. दर उन्हाळ्यात दगडोबा धनगर कळप घेऊन या भागात उतरायचा. ज्याच्या रानात रात्री कळप बसेल त्याला लेंडीमुताचं खत, आणि धनगराला त्याबदल्यात ज्वारी आणि जेवण. त्या साली दगडोबा शेजारच्या अण्णारावाच्या रानात बसणार होता. अण्णाराव म्हणजे गावातला मोठा शेतकरी, चाळीस एकरांचा धनी. पारूबाईनं दगडोबाला वाटेतच गाठलं. "त्याच्या काळ्या रानाला काय कमी हाय? आधी माझ्याकडं बस," म्हणून तिनं कळप आपल्या रानात वळवला. दगडोबा आधी तिच्याकडं बसला, मग बांध ओलांडून अण्णारावाकडं गेला. अण्णारावाच्या आधी आपल्या रानात खत पडलं, याचा पारूबाईला एवढा आनंद झाला की पंधरा दिवस ती तेच सांगत फिरत होती.

आर्द्रात पाऊस झाला आणि ज्वारीबरोबर दुसरंच काही वर आलं. चिंचेसारखी बारीक पानं, हिरवीगार, तासातासातून दाट.

"आत्याबाई, हे काय उगवलंय?" पंचशीलानं विचारलं.

"खताचं बळ हाय ते. भुईत ताकद आली की चार चांगली उगवतात, चार वंगाळ."

महिन्याभरात त्या चांगल्या-वंगाळांना काटे फुटले आणि पारूबाईनं ओळखलं. येडी बाभळ! दुष्काळानंतर सरकारी माणसांनी नाल्याच्या काठानं तिचं बी टाकलं होतं, माती धुपू नये म्हणून. तिथं ती माजली, त्याची तक्रार नव्हती. सगळ्या बौद्धवाड्याच्या चुली तिच्याच लाकडावर पेटायच्या. पण नाल्यातली नाल्यात राहावी ना! ही तर ताटात येऊन बसली.

पारूबाईनं खुरपं घेतलं आणि एकेक रोप भुईसरशी कापून काढलं. सासू-सुनेचे हात रक्तबंबाळ झाले. रान स्वच्छ झालं, पारूबाई निवांत झोपली, आणि पोळ्यापर्यंत प्रत्येक बुडख्याला पाच-पाच फांद्या फुटल्या. पुन्हा कापलं. पाचाच्या दहा झाल्या. दिवाळीला कमरेएवढी झुडपं उभी होती आणि ज्वारी त्यांच्यात कुठं होती ते शोधावं लागत होतं. भाड्यानं औत हाणणारा व्यंकटी बांधावरूनच परत फिरला. "बैलाच्या खुरात तो काटा गेला तर बैल महिनाभर उभा ऱ्हातोय, पारूमावशी. दुप्पट भाडं दिलं तरी न्हाई."

हे सगळं नेमकं अशा वख्ताला झालं की बोलायची सोय नाही. पोळ्याच्या सुमाराला लातूर जिल्हा झाला होता. जुनं उस्मानाबाद सुटलं, नवी ऑफिसं उघडली, नवे साहेब आले, मुरुडच्या बाजारात लोक जिल्ह्याचं नाव घेऊन पेढे खात होते. त्या धामधुमीत खबर आली की गायरान कसणाऱ्यांची पाहणी होणार. ज्याचं रान वहितीत दिसेल त्याचं नाव लागेल. ज्याचं पडीक दिसेल त्याचं परत गायरानात जाईल. पाहणी मृगाच्या आत.

दहा वर्षं पारूबाई या दिवसाची वाट बघत होती. आणि दिवस आला तेव्हा तिच्या रानात उभं राहायला जागा नव्हती.

अण्णाराव एकदा बांधावर येऊन म्हणाला, "पारू, सोड आता ते. पडीक लागलं तर गावाची गुरं तरी चरतील."

"येड्या बाभळीत गुरं चरतील व्हय? आधी तुमची सोडा, बघू किती परत येतात!"

अण्णाराव आल्या वाटेनं परत गेला. मेंढरं त्याच्याकडंही बसली होती. त्याचे सालगडी विळ्यानं कापून कापून थकले होते, आणि बांधाकडच्या त्याच्या पट्टीत बाभळ पारूबाईपेक्षा दाट झाली होती. फरक एवढाच, की त्याच्या सातबाऱ्यावर कुणी बोट ठेवणार नव्हतं.

फाल्गुनात दगडोबाचा कळप परत आला. पारूबाईला कळलं तशी ती काठी घेऊनच निघाली. मागून पंचशीला पळत होती, "आत्याबाई, मारू नका, लोक काय म्हणतील!" दगडोबा नाल्याच्या काठाला चिलीम भरत बसला होता.

"ऊठ दगड्या! माजी भाकर खाल्ली, ज्वारी नेली, आन माज्याच रानात काटे पेरून गेलास?"

दगडोबानं चिलीम खाली ठेवली. माणूस म्हातारा, शांत. "पारूआक्का, बस जरा. काठी हितं ठेव."

"काठी माज्या हातातच ऱ्हाईल."

"ऱ्हाऊ दे. मला एक सांग, मी कळप बसवायला आलो तवा मेंढरं कुठं चारली ते तू इचारलं का?"

पारूबाईनं विचारलं नव्हतं. ती तर अण्णारावाच्या आधी नंबर लावायच्या नादात होती.

"आदी लोक इचारायचे," दगडोबा म्हणाला. "माजा बाप सांगायचा, मालक नुसतं इचारायचा न्हाई, लेंडी फोडून बघायचा. आता कुणी इचारत न्हाई, आन मीबी सांगत न्हाई. ही माजी चूक हाय, न्हाई म्हणत न्हाई मी." त्यानं शेजारच्या मेंढरांच्या तळावरून मूठभर लेंड्या उचलल्या आणि तिच्या पदरात टाकल्या. "फोड."

पारूबाईनं बोटानं लेंडी चिरडली. आत चकचकीत तपकिरी बी होतं, अखंड. दुसरी फोडली, तिच्यातही. पंचशीलानं खाली बसून तिसरी फोडली.

"त्या साली नाल्यातल्या बाभळीच्या शेंगांबिगर चारायला काय होतं? त्या नसत्या तर माजा कळप जगला नसता, आक्का. शेंग गोड असती. मेंढरू शेंग पचवतं, बी पचवत न्हाई. आन पोटातनं आलेलं बी कोरड्या बीच्या आधी उगवतं, हे मला ठावं होतं. पण गुत्तं ठरलं, सौदा झाला, की धनगर बोलत न्हाई. बोलला तर बसवंल कोण?"

पारूबाईला काय करावं कळेना. ज्याला बडवायला आली तो समोर बसून आपली चूक कबूल करत होता, आणि तिची स्वतःची चूक पदरात लेंड्या होऊन पडली होती. तिला रडू आलं. आलेलं रडू तिनं रागातच काढलं. "मग आता काय करू सांग! जिमीन चालली माजी!"

"कापायचं मला न्हाई कळत," दगडोबा म्हणाला. "बाभळीचं चारायचं कळतं, मारायचं न्हाई."

मारायचं कळत होतं ते केवळाबाईला. केवळाबाई पारूबाईची जुनी जोडीदारीण, सडकेवर एकाच टोळीत खडी फोडलेली. ती दुसऱ्या दिवशी रानात आली, एका झुडपाभोवती फिरली आणि म्हणाली, "तू वरून कापतीस म्हणून ती फुटती. माज्या भिंतीच्या बुडाला आली होती, मी तीन बार कापली. चौथ्यांदा भिंत पडती का काय म्हणून खाली उकरलं, तर मातीखाली वीतभर गड्डा निघाला, डोळेच डोळे त्याला. बटाट्याला असतात तसे. गड्डा काढला, खालचं मूळ तसंच ऱ्हाऊ दिलं. दोन वर्षं झाली, परत न्हाई आली."

"मूळ तसंच ठिवलं तरी?"

"मुळाला डोळे न्हाईत. सगळं काय ते गड्ड्यात."

पारूबाईनं कुदळ मागवली. चैत्र लागायच्या बेतात होता, भुई दगडासारखी. कुदळ टणकन वर यायची. केवळाबाई हसली. "सडकेवर हातभर रुतलेला धोंडा आपण कुदळीनं काढायचो का?"

ते ऐकलं आणि पारूबाईच्या हातांनाच आधी आठवलं. पहार! भेगाळलेल्या भुईत पहार भेगेतूनच आत जाते, खणावं लागत नाही. पहारीखाली टेकू म्हणून दगड ठेवायचा आणि वरच्या टोकाला अंगाचा भार द्यायचा. पावसाळ्यात चिखल धरून ठेवतो; उन्हाळ्यात भेगा पडलेली भुई सोडून देते. पहिला गड्डा फट्‌कन वर आला तेव्हा दोघी म्हाताऱ्या पोरींसारख्या ओरडल्या.

पण तीन एकर! दोघींच्या पहारीनं पुढचा उन्हाळाही पुरला नसता. तेव्हा केवळाबाईनंच इर्जिकीचं काढलं. इर्जिक म्हणजे रोजगार नाही, उपकारही नाही. एकाच्या रानात सगळ्यांनी राबायचं, आणि त्या दिवसाचं जेवण रानमालकानं आपल्या घरचं घालायचं, सगळ्यांना एका पंगतीत. उद्या दुसऱ्याची पाळी. सडकेवरच्या टोळीतल्या हयात होत्या त्या सगळ्या बाया आल्या. कुणाच्या घरी पहार होती, कुणाची गहाण पडलेली सोडवून आणली. आणि कुणी न बोलावता दगडोबाही आला, एक पोरगं कळपामागं ठेवून.

पंचशीला गरोदर होती, तिला कुणी पहारीला हात लावू दिला नाही. तिनं घरी येसराची, भाजल्या पिठामसाल्याची आमटी केली, भाकरी थापल्या आणि दुपारी पाटी डोक्यावर घेऊन आली. बायांची पंगत बसली. दगडोबा लांब बांधावर जाऊन आपल्या फडक्यातली भाकर सोडायला लागला.

पारूबाईनं पाहिलं आणि हातातली वाटी खाली ठेवली. "दगड्या, माज्या रानात राबलास, आन माज्या घरचं जेवण चालत न्हाई व्हय?"

"तसं न्हाई, आक्का. सवय न्हाई."

"सवय तर पहारीची बी नव्हती. ती लागली ना?"

म्हातारा फडकं बांधून उठला आणि केवळाबाईच्या शेजारी येऊन बसला. आमटी त्यानं दोनदा मागून घेतली, आणि त्या दिवसापासून पारूबाई त्याला दगड्या म्हणायची थांबली.

काम रेटत गेलं. काट्यांनी कुणाच्या हाताला कातडी राहिली नाही. गड्ड्यांचा ढीग बांधावर माणूसभर उंच झाला आणि बौद्धवाड्याला पावसाळाभराचं जळण झालं. बाभळीला शिव्या घालणाऱ्या बायाच जाताना तिची मोळी डोक्यावर घेऊन जायच्या आणि स्वतःशीच हसायच्या. निम्मं रान मोकळं झालं तेव्हा व्यंकटी येऊन अनवाणी फिरून गेला, आणि मग बैल घेऊन आला. राहिलेल्या निम्म्यात गड्डे निघाले होते पण औत फिरायचं होतं, खड्डेच खड्डे.

दगडोबा म्हणाला, "आक्का, खत तर पायजेच. भरवसा असंल तर यंदा परत बसवतो. कळप आठवडाभर नुसत्या कडब्यावर ठेवलाय, नाल्याकडं सोडला न्हाई."

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. गेल्या साली याच माणसानं रान बुडवलं होतं. पारूबाई उठली, त्याच्या तळावर गेली, खाली बसली आणि लेंड्या फोडायला लागली. एक, दुसरी, तिसरी. भुसा. नुसता कडब्याचा भुसा. तिनं पदर झटकला. "आण," म्हणाली.

पाहणीला साहेब आला तो तरुण, उन्हानं लाल झालेला. बरोबर तलाठी, आणि पंच म्हणून गावचा जाणता शेतकरी. तो जाणता म्हणजे अण्णाराव. त्याला पाहिलं तशी केवळाबाईनं पारूबाईचा हात धरला. सगळी टोळी बांधावर उभी होती.

साहेबानं रान पाहिलं. एकीकडं नांगरट, एकीकडं खड्डे, मध्ये मेंढरांचा तळ. माणूस वाईट नव्हता, गोंधळला होता. "गेल्या हंगामाचं पीक?"

"ज्वारी होती, साहेब," पारूबाई म्हणाली. "आली न्हाई."

"का?"

खोटं बोलता आलं असतं. "माजी चूक झाली. मेंढरं कुठं चारली ते इचारलं न्हाई. सगळ्या रानात येडी बाभळ आली."

साहेबाला त्यातलं किती कळलं देव जाणे. त्यानं तलाठ्याकडं पाहिलं. तलाठी म्हणाला, "पीक नाही, साहेब. उभं पीक नसलं की वहिती म्हणायची का, ते पंचांनी सांगावं."

अण्णाराव रानात उतरला. एका खड्ड्यापाशी वाकला, मातीत हात घातला, गड्डा निघालेली जागा चाचपून बघितली. दुसऱ्या खड्ड्यापाशी वाकला. पारूबाईला वाटलं, संपलं. हा माणूस तेव्हाच पडीक म्हणून गेलाय, आता दुसरं काय बोलणार? अण्णाराव उठला आणि बांधापलीकडं आपल्या पट्टीकडं बघत राहिला. तिथं येडी बाभळ डोक्याएवढी उभी होती आणि तिला नव्या शेंगा लागल्या होत्या.

"वहिती हाय," तो म्हणाला.

"नक्की?" तलाठ्यानं विचारलं.

"एवढं खणून काढलेल्या रानाला पडीक म्हणालो, तर माझ्या रानाला काय म्हणू? लिहा, वहिती."

साहेबानं बांधापलीकडं पाहिलं, मग पारूबाईच्या हातांकडं पाहिलं, आणि लिहिलं. जीप धुरळा उडवत पुढच्या रानाकडं गेली. बांधावर क्षणभर कुणाला खरंच वाटेना. मग केवळाबाई मोठ्यानं "जय भीम!" म्हणाली आणि सगळ्यांना कंठ फुटला. पारूबाई मात्र खाली बसली.

अण्णाराव गेला नव्हता. तो तिच्यापासून थोडा लांब उभा होता, हातातल्या रुमालाशी चाळा करत.

"पारूबाई, ही टोळी माझ्याकडं कधी येती? रोज काय मागाल तो देतो."

पारूबाईनं डोळे पुसले आणि वर पाहिलं. दहा वर्षांत या माणसानं तिच्याशी असं बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. हो म्हणायला जीभ वळली होती. पण बाजूला टोळीतल्या बाया उभ्या होत्या, दगडोबा उभा होता.

"रोजानं न्हाई, अण्णा. आम्ही इर्जिक करतो. तुमचं रान, तुमच्या घरचं जेवण. तुमच्या मालकिणीनं, साखराबाईंनी वाढायचं, आन पंगत एक. तुम्हीबी त्याच पंगतीत बसायचं."

अण्णारावाचा चेहरा आखडला. बौद्धवाड्यातल्या बाया त्याच्या वाड्यासमोरून चपला हातात घेऊन जायच्या तो काळ फार जुना नव्हता. तो वळला आणि आपल्या रानाच्या वाटेनं चालायला लागला. केवळाबाई हळूच म्हणाली, "गेलं. रोज घ्यायला पायजे होता, पारू."

"जाऊ दे," पारूबाई म्हणाली, आणि तिला खरंच तसं वाटलं. आज तिला कुणाचंच भ्या वाटत नव्हतं.

बांध ओलांडताना अण्णारावाचं धोतर येड्या बाभळीत अडकलं. त्यानं ओढलं, सुटेना. दुसरीकडून ओढलं, तिकडंही अडकलं. कुणी हसलं नाही. सगळ्यांच्या पदराचं तेच होऊन गेलं होतं. पारूबाई उठली, जवळ गेली आणि एकेक काटा सोडवत त्याचं धोतर मोकळं केलं. अण्णाराव उभाच राहिला, बाभळीकडं बघत.

"सोमवारी नको, मुरुडचा बाजार असतो," तो म्हणाला. "मंगळवारी या. साखराला सांगून ठेवतो. किती माणसं येतील?"

"चौदा," पारूबाई म्हणाली. "तुम्ही धरून पंधरा."